चार चतकोरांचा पिक्चर

कडुबा थेटरात बसतो असं म्हणणं चुकीचं आहे. तो टेकतो. रांगेतली अगदी कडेची खुर्ची, एक पाय आत, एक पाय पायऱ्यांवर, मोटरसायकलची किल्ली मुठीत आणि मोबाईल मांडीवर. पुढच्या खुर्चीला त्याचे गुडघे लागत राहतात. शेजारी चुकून कोणी बसलंच तर ते माणूस थोड्या वेळात दुसरी जागा शोधतं. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं आडवा, केस पिकलेला बाप्या, पण बुडाला थारा नाही. पडद्यावर मारामारी असो की प्रेम, ह्याचे डोळे पडद्यावर आणि जीव घराकडे. मध्यंतराचे दिवे लागले, लोक मक्याच्या लाह्यांच्या रांगेकडे वळले, की हा त्यांच्यातून वाट काढत सरळ पार्किंगमध्ये.

दारावरच्या माणसानं एकदा न राहवून विचारलंही, "काका, आवडत नाय का पिक्चर?"

"लई आवडला," कडुबा म्हणाला आणि जिना उतरायला लागला.

आणि गंमत ऐका. ह्याच माणसाच्या मतावर अख्खी भावकी पिक्चरला जायचं की नाही ते ठरवते. कडुबा वाळूजला कंपनीत रात्रपाळीला आहे, त्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. नवा पिक्चरही शुक्रवारीच येतो. त्यामुळे भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिलं मत कडुबाचं. बिडकीनचे चुलत, हर्सूलचे भाऊबंद, पुण्याला गेलेली पोरं, सगळे शुक्रवारी दुपारी मोबाईल बघत असतात. दादा, किती? मग कडुबा टाकतो, "तीन चतकोर." किंवा "दोन." लोक तारे देतात, टक्के देतात, ह्यांच्यात चतकोर. चार चतकोर म्हणजे अख्खी भाकरी, त्याच्यावर काही नाही.

ही भाकरीची रीत केसरबाईची, म्हणजे कडुबाच्या मायची. बिडकीनच्या अलीकडे त्यांची शेती होती तेव्हाची गोष्ट. नवा पिक्चर लागला की केसरबाई आणि तिचा नवरा भाजीच्या टेम्पोत बसून शहरात यायचे, सोबत फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. पिक्चर रटाळ निघाला की हात आपोआप फडक्याकडे जायचा. रंगला तर भूक लागल्याचीही शुद्ध राहायची नाही. घरी आल्यावर सासू विचारायची, कसा होता गं? केसरबाई फडकं सोडून पुढं ठेवायची. जितक्या भाकऱ्या परत आल्या तितका पिक्चर भारी. सासू तोंडानं शिव्या द्यायची, एवढं पीठ वाया घालवलं म्हणून, आणि मग म्हणायची, बस, सांग आता स्टोरी.

आता ती जमीन कारखान्यांखाली गेली. नवरा गेला. केसरबाई शहरात, हडको वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, खिडकीजवळच्या पलंगावर. काचबिंदूनं आधी डोळे नेले आणि मग पडल्याचं निमित्त होऊन खुब्याचं हाड मोडलं, ते धड जुळलंच नाही. कान मात्र तल्लख आणि डोकं त्याहून. टीव्ही लावला की चिडायची. नुसता आरडाओरडा, कोण कुणाला हाणतंय कळत नाय, बंद कर. पण नव्या पिक्चरची हौस गेली नव्हती. "ह्या हप्त्यात काय लागलंय?" हे ती कडुबाला विचारायचीच. मागच्या महिन्यातला सांगायला गेलं तर म्हणायची, शिळं नको.

म्हणून शुक्रवार. करुणा, कडुबाची बायको, दवाखान्यात नोकरीला, ती संध्याकाळीच येते. मुलगा पुण्यात. दिवसभर मायजवळ कडुबाच; शुक्रवारी दुपारी तेवढ्या समोरच्या दारातल्या अंबिकाकाकू तिच्याजवळ बसतात. निवृत्त शिक्षिका, बोलायला गोड, पण नातीच्या शाळेची बस आली की त्यांना खाली गेटवर जावं लागतं. बसचा हॉर्न कोपऱ्यावर वाजतो आणि काकू उठतात. त्याच्या आत कडुबानं घरात असायचं. पगारी बाई ठेवून पाहिली, केसरबाईनं दोन बायका आठवड्याच्या आत पळवून लावल्या. एकटं ठेवावं तर एकदा तहान लागली म्हणून ही स्वतःच उठायला निघाली होती. करुणा वेळेवर पोचली म्हणून दुसरा खुबा वाचला.

आता तुम्ही म्हणाल, मध्यंतरात उठून येतो हे मायला सांगायला काय हरकत होती? तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

केसरबाईला सोडायची सवय होती. कुणाला आपल्यापायी तोशीस पडते असं तिला दिसलं, की ती गोष्ट ती गुपचूप सोडून द्यायची. मोडलेला खुबा घेऊन घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात तिनं दुपारनंतरचा चहा बंद केला. पित्त होतंय म्हणाली. जिनं उभ्या जन्मात चहाला नाही म्हटलं नाही, जी शेतावर चुलीवरच्या गुळाच्या चहाचे पेले रिचवायची, तिला एकाएकी पित्त. कडुबाला कळलं. चहा प्यायला की उठावं लागतं, आणि उठायचं म्हणजे कुणाला तरी हाक मारून उचलायला लावायचं. कळलं, पण त्यानं ते दाखवलं नाही. रोज दुपारी स्वतःचा चहा स्वयंपाकघरात उभ्यानं पीत राहिला, चोरासारखा.

तर तो पहिला शुक्रवार. अर्धा पिक्चर टाकून तो धापा टाकत घरी आला, काकू गेल्या, त्यानं मायपुढं ताट ठेवलं आणि सांगायला बसला. मध्यंतरापर्यंतचं सगळं सांगून झालं. केसरबाईचा घास हातातच होता. ती म्हणाली, "मंग? फुडं?"

 खरं सांगितलं असतं तर तिनं तिथल्या तिथं म्हटलं असतं, माझ्यापायी अर्ध्यातून उठतो, तर जाऊच नको. चहासारखा पिक्चरही सुटला असता. आणि मग तिच्याजवळ उरलं असतं काय? भिंत, पंखा आणि दुखरी मांडी.

म्हणून त्यानं पुढं रचलं. सुचेल तसं, अडखळत. हिरोला तुरुंगातून सोडवलं, हिरोइनीच्या बापाला अक्कल आणली, सगळ्यांना दिवेलागणीच्या आत घरी पोचवलं. संपल्यावर ताटात पाहिलं तर भाकरीचे तीन चतकोर तसेच. माय म्हणाली, "तीन. ग्रुपावर टाक तुझ्या." त्यानं टाकले.

तेव्हापासून हे असंच. इंटरनेटवर मध्यंतरानंतरची स्टोरी शोधायचा त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. पण तिथं मत देणारे सगळे सभ्य. सगळं सांगतात, कॅमेरा कसा, संगीत कसं, आणि शेवटी म्हणतात, पुढं काय होतं ते आम्ही सांगणार नाही, प्रेक्षकांचा रसभंग होईल. कडुबाला त्यांचे कान धरावेसे वाटायचे.

मग तो स्वतःच्या डोक्यानं चालू लागला, आणि खरं सांगायचं तर त्याला ते जमायलाही लागलं. जळगाव रोडच्या सिग्नलला उभा असताना तो ओठातल्या ओठात पुटपुटायचा. इथं खून झालाय, ठीक, पण मेलेला खरा मेलाच नसेल तर? मागचे हॉर्न वाजवायचे. जीव मात्र कायम टांगणीला. एखाद्या दिवशी कोणी बघून आलेलं घरी टपकलं तर? माय काही विसरत नाही, एखादा धागा पकडला तर? जन्मलेली दोन लेकरं हातची गेल्यावर हा तिसरा झाला, मरणाला गोड लागू नये म्हणून तिनं ह्याचं नाव कडुबा ठेवलं. अशा मायशी दर शुक्रवारी खोटं बोलायचं, म्हणजे घास गोड कसा लागणार?

इकडे ग्रुपवर कुरकुर वाढत चालली होती. कारण उघड होतं. चतकोर मिळायचे कडुबानं रचलेल्या पिक्चरला आणि भावकी जाऊन बघायची थेटरातला. "दादा, साडेतीन दिले आन् हिरोच मेला की." "दादा, तुमचं काय बी खरं नाय." बिडकीनला हार्डवेअरचं दुकान चालवणारा चुलतभाऊ इंद्रजीत तर उघड म्हणायला लागला, दादाला वयानं कळंना झालंय.

आणि एका शुक्रवारी हाच इंद्रजीत दारात. घराच्या वास्तुशांतीचं आमंत्रण घेऊन आला होता. कडुबा नुकताच येऊन मायपुढं बसलेला, स्टोरी मध्यंतरापाशी पोचलेली.

"मोठी माय, म्या बी आज सकाळचा शो टाकला ह्याचा," इंद्रजीत बसता बसता म्हणाला. "दादाच्या चतकोरावर भरवसा नाय राहिला म्हून."

आता पकडला जाणार, हे कडुबाला दिसलं. पण माय ताटावर बसलेली, कान टवकारलेले. थांबायची सोय नव्हती.

"तर माय, फौजदार पुलाला लटकला. दोर तुटत आला. आन् तेवढ्यात तिथं एक धनगर आला, मेंढरं घेऊन."

इंद्रजीतच्या हातातलं बिस्कीट मध्येच थांबलं. "धनगर?"

"धनगर," कडुबा त्याच्याकडे न बघता म्हणाला.

"कोणता धनगर, दादा? त्यो तर..."

"इंद्र्या, तू गप," केसरबाई म्हणाली. "मधी बोलायचं आसंल तर भाईर जाऊन बोल."

इंद्रजीतनं बिस्कीट तोंडात टाकलं. कडुबानं पुढं दामटलं. धनगरानं फौजदाराला वर ओढलं, पालावर नेलं, त्याच्या बायकोनं पिठलं वाढलं. आणि पालात कोपऱ्यात तोंड झाकून बसलेली पोरगी कोण, तर फौजदाराची पळवून नेलेली बहीण. ती आपल्या हिमतीनं निसटून तिथंच आसऱ्याला आलेली. दोघं बहीणभाऊ रानातून चालत निघाली आणि सांज व्हायच्या आत आपल्या दारात उभी राहिली. सांगताना कडुबाचा एक हात इंद्रजीतच्या गुडघ्यावर घट्ट दाबलेला होता. केसरबाईचा हात ताटावर तसाच राहिला होता. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चार दे. धनगराची बायकू लई गुणाची."

इंद्रजीतला निरोप द्यायला कडुबा जिन्यापर्यंत आला. तिथं इंद्रजीतनं तोंड उघडलं.

"दादा, त्यो फौजदार पुलावरनं पडून मरतो. मंग त्याचा जुळा भाऊ येतो परदेशातून आन् समद्यांला गोळ्या घालतो. धनगर ऱ्हाऊ दे, अख्ख्या पिक्चरमधी एक मेंढरू नाय."

मग कडुबानं त्याला सांगितलं. काकूंची बस, मध्यंतर, सगळं. इंद्रजीत कठड्याला टेकून ऐकत राहिला. हा माणूस तसा तोंडाळ, पण मनानं वाईट नाही.

"मंग एकदाचं सांगून का टाकत नाय मोठ्या मायला?"

"सांगितलं की सोडंल ती. चहा सोडला, तसं हेबी. मंग तिच्यापाशी काय ऱ्हातं, सांग."

इंद्रजीत दोन पायऱ्या उतरला आणि वळला. "फुडच्या शुक्रवारी म्या येतो. म्या बसतो तिच्यापाशी, तू बघ शेवटपर्यंत. एकदा तरी खरा पिक्चर सांग तिला."

कडुबाला हे पटलं. इतकं पटलं की आठवडाभर त्याला झोप लागेना. आपण मायला आजवर उष्टं वाढलं, अर्धं खरं, अर्धं थापांचं. एकदा अख्खं ताट वाढायचं. त्यानं करुणाला सांगितलं, तीही म्हणाली, जा की.

तो शुक्रवार आला. पिक्चर एका बोटीवर काम करणाऱ्या पोराचा. कोकणात खाडीकाठी त्याची म्हातारी एकटी. पोरगा दरवर्षी येईन म्हणतो आणि येत नाही. मध्यंतराच्या आधी चिठ्ठी येते की म्हातारी अंथरुणाला लागली आहे, आणि हा बोटीवरून उतरायची रजा मागतो. दिवे लागले. कडुबा सवयीनं उठला, दारापर्यंत गेला, आणि मग आठवलं की आज जायचं नाही. परत आला. कडेची खुर्ची सोडून जरा मधल्या खुर्चीत बसला. माणसासारखं बसावं म्हणून लाह्याही घेतल्या, त्या तशाच मांडीवर राहिल्या.

दुसरा भाग सुरू झाला आणि कडुबाचे हाल सुरू झाले. आता तिकडे बस आली असेल. आता काकू उठल्या असतील. इंद्र्याला मायला कुशीवर वळवता येईल का? त्यानं अंधारात मेसेज टाकला. "कसं हाय?" उत्तर आलं, "मजेत." थोड्या वेळानं पुन्हा टाकला. "पाणी दिलं?" "दिलं. तू पिक्चर बघ." पडद्यावर पोराची गाडी चुकली. कडुबाचा पाय थडथड हलायला लागला. पुढचा माणूस मागं वळून म्हणाला, "काका, जरा." पोराला घाटात दरड आडवी आली. मोबाईल पुन्हा उजळला. इंद्रजीतनं लिहिलं होतं, "विचारतीय, कडू कुठवर आला."

कडुबा उठला. बसला. मायसाठीच तर बसलोय, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि किल्ली मुठीत इतकी आवळली की तळव्याला खूण पडली. पडद्यावर पोरगा होडीतून उतरला, माडांमधून धावत सुटला, घराच्या वळणावर आला. अंगणात माणसं बसलेली, कोणी काही बोलत नव्हतं. इथं पिक्चर संपला. लोक डोळे पुसत उठले, कोणी टाळ्याही वाजवल्या. कडुबा त्यांना ढकलत जिन्याकडे पळाला.

घरी पोचला तेव्हा इंद्रजीत पलंगाशेजारी अवघडून बसला होता. "सांभाळ बाबा तुझी माय," एवढं म्हणून तो दुकानाच्या काळजीनं निघून गेला. कडुबानं तोंडावर पाणी मारलं, भाकरी मोडून ताटात चार चतकोर ठेवले, भाजी वाढली आणि सांगायला बसला.

पहिला भाग त्यानं नेहमीसारखा रंगवला. मध्यंतर ओलांडलं आणि त्याची जीभ जड झाली. आता रचायचं नव्हतं, आठवायचं होतं. गाडी चुकली, दरड आली, होडी मिळाली. तो सांगत होता आणि माय जेवत होती. शेवटाजवळ आल्यावर तो थांबला. इथं एखादा धनगर आणणं काही अवघड नव्हतं. खाडीकाठी धनगर नसेल तर कोळी आणला असता, म्हातारीला पेज पाजून उठवून बसवली असती. पण एकदा डोळ्यांनी पाहिलं की थाप मारणारी जीभ लुळी पडते. त्यानं आहे तसं सांगून टाकलं. पोरगा पोचला तेव्हा उशीर झाला होता. अंगणात माणसं बसली होती.

 कडुबानं ताटात पाहिलं. ताट स्वच्छ होतं. एक चतकोर सोडा, तुकडा उरला नव्हता.

"हे तुझं नाय," केसरबाई म्हणाली.

"म्हंजी?"

"तुझ्या पिक्चरमधी कुणी उशिरा येत नाय."

 कडुबा ताट उचलायला वाकला आणि तसाच राहिला.

"बसचा भोंगा वाजायच्या आत तू घरात आसतो, दर शुक्रवारी," ती म्हणाली. "एवढ्या येळात कंचा पिक्चर संपतो रे? म्या शेकड्यानं पायलेत. डोळे गेले माझे, डोकं नाय गेलं."

"मंग बोलली कामून नाय?"

"बोलले आसते तर तू सांगायचं सोडलं आसतं. लाजून. तुझा बाप बी तसाच व्हता." तिनं हात पुसला, चाचपडून त्याचं मनगट धरलं. "आन् मला त्यो धनगर आवडला व्हता."

कडुबा पलंगाच्या कडेला बसला. टेकला नाही, बसला. इतक्या शुक्रवारांची धावपळ एकदम त्याच्या अंगात उतरली आणि त्याला रडू आलं. त्यानं ते आवाज न करता येऊ दिलं, पण मनगट तिच्या हातात होतं, तिला कळायचं ते कळलंच.

"आज भोंगा वाजला," ती म्हणाली, "काकू गेल्या, आन् तुझी गाडी वाजली नाय. इंद्र्याला इचारून इचारून त्याचा जीव काढला म्या. गाडीवरनं पडला का काय, कुठं धडकला का काय. मला नको आसला अख्खा पिक्चर. तू मधूनच येत जा. फुडलं आपण बघू काय करायचं त्ये."

"व्हय माय."

"आन् च्या ठेव. कपभर."

कडुबानं मान वर केली. बाहेर दुपार कलली होती. पित्ताचं निमित्त झाल्यापासून ह्या वेळचा चहा ह्या पलंगावर गेला नव्हता.

"पित्त व्हईल तुला," तो म्हणाला. आपणही गेली तीन वर्षं हे खोटं मान्य करत आलो आहोत, हे म्हणताना त्याच्या ध्यानात आलं.

"व्हऊ दे. तू हाईस ना उचलायला."

त्यानं स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं. आज दोन कपांचं. मोबाईल पलंगावरच राहिला होता आणि तो एकसारखा वाजत होता. दादा, किती चतकोर? जावं का नाय? साखर टाकता टाकता त्यानं तो आवाज ऐकला आणि वाजू दिला.